पाटीवर नसलेले इंजिन

१९६९ सालच्या शेव्हर्ले कमॅरोचे बॉनेट उघडले, की इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर चालकाच्या बाजूला रिव्हेट मारून बसवलेली एक लहानशी पाटी दिसते. तिच्यावर वर्ष आहे, मॉडेलचा आकडा आहे, कारखान्याच्या नावाची तीन अक्षरे आहेत. बॉडीचा क्रमांक, आतल्या सीटचा आणि बाहेरच्या रंगाचा सांकेतिक आकडा आहे, आणि बॉडी कोणत्या महिन्याच्या कोणत्या आठवड्यात तयार झाली, तेही आहे. इंजिनाबद्दल मात्र अवाक्षर नाही. ओहायो राज्यातल्या नॉरवूडच्या कारखान्यातून त्या वर्षी बाजारहाट करायला घेतात तशी साधी व्ही-८ कमॅरो बाहेर पडली, आणि ४२७ घनइंचांचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे, शर्यतीसाठी घडवलेले इंजिन बसवलेली कमॅरोही बाहेर पडली. दोघींच्या पाट्या शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची, हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या प्रकारच्या गाडीला झेडएल१ म्हणतात. अशा ६९ गाड्या बनल्या, हा आकडा आज सर्वमान्य आहे. त्यांतली एखादी विकायला निघाली की बोली लाखो डॉलरमध्ये जाते. मग समोर उभी असलेली अमुक एक गाडी त्या ६९पैकीच आहे, हे कशावरून म्हणायचे?

आधी पाटी गप्प का, ते पाहू. ही पाटी शेव्हर्लेने बनवलेलीच नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉड्या फिशर बॉडी या तिच्याच एका विभागात तयार होत. तिथे पत्रा जोडायचा, रंग द्यायचा, सीट आणि आतले अस्तर बसवायचे आणि तयार बॉडी पुढच्या जुळणीला सोडायची. पाटी त्या विभागाच्या कामगारांसाठी होती. रंगाऱ्याला रंग कळला आणि सीटवाल्याला सीट कळली की तिचे काम संपले. इंजिन पुढे दुसऱ्याच लोकांनी दुसऱ्याच लाइनवर बसवायचे होते. त्याची नोंद फिशर बॉडीने कशाला करावी? पन्नास वर्षांनंतर कोणी भिंग घेऊन ही पाटी वाचणार आहे, असे तिथे कोणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते. कागद असो वा पत्रा, तो कोणी, कधी आणि कोणत्या गरजेने लिहिला, हे आधी विचारावे लागते.

डॅशबोर्डवर समोरच्या काचेतून दिसणारा गाडीचा क्रमांक तरी काही सांगतो का? तो १२४३७९एन असा सुरू होतो. पहिला १ म्हणजे शेव्हर्ले, २४ म्हणजे व्ही-८ कमॅरो, ३७ म्हणजे दोन दारांची कूप, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवूड. पुढचे सहा आकडे अनुक्रमांकाचे. व्ही-८ आहे इतके कळते, कोणते ते कळत नाही. गाडीच्या अंगावरही खूण नाही. ४२७ असा बिल्ला कारखान्याने कुठेच लावला नव्हता. फुगीर बॉनेट सोडले तर साधी पोलादी चाके आणि छोट्या टोप्या लावलेली ही गाडी शाळामास्तरची वाटावी अशी.

तरीही पाटी अगदीच निरुपयोगी नाही. १९६८च्या डिसेंबरच्या सुमारास नॉरवूडच्या पाट्यांवर एक्स अक्षराने सुरू होणारे संकेत येऊ लागले. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर गाडी झेड२८, एक्स२२ किंवा एक्स६६ असेल तर ३९६ घनइंचांची सुपर स्पोर्ट. यांपैकी काहीच नसेल तर बहुधा एक्स११ किंवा एक्स४४. पहिल्यात बाहेरची सजावट जास्त, दुसऱ्यात तीही नाही. झेडएल१ या शेवटच्या दोन गटांत येते. म्हणून एक्स३३ची पाटी असलेली गाडी झेडएल१ म्हणून कोणी पुढे केली, तर दावा तिथेच संपतो. उलट एक्स४४ दिसले म्हणून आनंदाने उडी मारण्यात अर्थ नाही, कारण तो संकेत हजारो सामान्य गाड्यांवर आहे. बाजारात ‘ही एक्स११ आहे हो!’ असे विक्रेते कौतुकाने सांगतात, तेव्हा ते फार तर जास्तीच्या क्रोम पट्ट्यांबद्दल बोलत असतात. दावा मोडायला ही पाटी चालते, दावा सिद्ध करायला चालत नाही.

ही गाडी अशी बेनाम का जन्मली, याचे कारण कंपनीच्याच नियमात आहे. कमॅरोच्या आकाराच्या गाडीत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. शर्यतींपासूनही कंपनीने १९६३पासून स्वतःला अधिकृतपणे दूर ठेवले होते. त्यामुळे १९६९च्या माहितीपत्रकात कमॅरोसाठी सर्वांत मोठे इंजिन ३९६चे. पण मुख्य कार्यालयात विशेष उत्पादन-मागणीची एक सोय होती. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘कोपो’ म्हणत. टॅक्सी कंपनीला टिकाऊ सीट हव्यात, पोलिसांना जड ब्रेक हवेत, एखाद्या संस्थेला सगळ्या ट्रकांना आपलाच रंग हवा, अशा घाऊक मागण्या या वाटेने जात. प्रत्येक मागणीला एक आकडा मिळे, आणि तो आकडा माहितीपत्रकात छापला जात नसे.

शेव्हर्लेमध्ये वेगवान गाड्यांचे काम पाहणारे व्हिन्स पिगिन्स यांनी ही वाट ओळखली. झेड२८ या गाडीमागेही त्यांचेच डोके होते. पोलिसांच्या ब्रेकसाठी ठेवलेल्या दारातून त्यांनी ४२७चे इंजिन आत नेले. बिडाच्या ब्लॉकच्या, ४२५ अश्वशक्तीच्या एल७२ इंजिनाची कमॅरो म्हणजे कोपो ९५६१. ॲल्युमिनियमच्या झेडएल१ची म्हणजे कोपो ९५६०. झेडएल१ची कागदावरची शक्ती ४३० अश्वशक्ती. खरी त्याहून पुष्कळ जास्त होती, हे त्या काळच्या शर्यतवाल्यांपासून आजवर कोणी नाकारलेले नाही. आकडा मुद्दाम खाली ठेवण्याची शेव्हर्लेची सवय होती. कॉर्व्हेटच्या एल८८ या शर्यती इंजिनावर तिने ४३० लिहिले आणि त्याच वर्षीच्या, रस्त्यावर चालवायच्या एल७१वर ४३५. कागद समकालीन असला म्हणून त्यातले विधान खरे असतेच असे नाही, याला यापेक्षा चांगला दाखला शोधायला नको.

मागणी नोंदवणारा डीलर होता फ्रेड गिब. इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचे शेतीवाडीतले लहानसे गाव आहे, तिथे त्यांची शेव्हर्लेची एजन्सी. डेट्रॉइट नाही, शिकागो नाही, ला हार्प! अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए हिच्या नियमानुसार एखादी गाडी ‘कारखान्यातली’ म्हणून सुपर स्टॉक वर्गात उतरवायची, तर तशा निदान ५० गाड्या बनलेल्या असाव्या लागत. गिब यांनी आदल्या वर्षी ऑटोमॅटिक गिअरच्या ५० नोव्हा अशाच विशेष मागणीने बनवून घेतल्या होत्या. तिचा आकडा ९७३८. त्या खपल्या. तोच हिशेब मनात धरून त्यांनी ५० झेडएल१ मागवल्या. पहिल्या दोन १९६८च्या डिसेंबरअखेर ला हार्पला पोचल्या, बाकीच्या पुढच्या काही महिन्यांत.

इथे बिले कामाला येतात. ९५६० हा आकडा पाटीवर नाही, गाडीच्या क्रमांकात नाही, पण पैशाच्या कागदावर आहे. कंपनीने डीलरला पाठवलेल्या बिलावर गाडीचा पूर्ण क्रमांक आणि त्याखाली एकेका जादा वस्तूची ओळ असते. त्यांत ९५६० या ओळीपुढे ४,१६०.१५ डॉलर आहेत. त्या काळी साधी व्ही-८ कमॅरो २,७०० डॉलरच्या आसपास मिळे. म्हणजे एका ओळीची किंमत अख्ख्या गाडीच्या दीडपट. गाडी कशी बनली याची फिकीर फिशर बॉडीला नसेल, पण चार हजार डॉलर कशाचे, हे हिशेबनिसाला लिहावेच लागले. मला या बिलांवर सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो यामुळे. इतिहासासाठी नव्हे, वसुलीसाठी लिहिलेला कागद आहे तो.

त्याच जातीचा दुसरा कागद काचेवरचा. १९५८च्या कायद्याने अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशीलवार कागद चिकटवणे सक्तीचे झाले; ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. गिऱ्हाईक घरी जाऊन तो फाडून टाकी, म्हणून तो कमी उरला. जो उरला तो मोलाचा. त्यावर झेडएल१ कमॅरोची एकूण किंमत ७,२०० डॉलरच्या वर जाते.

आता किमतीचीच दंतकथा पाहा. गिब यांना सुरुवातीला सुमारे ४,९०० डॉलरची कल्पना देण्यात आली होती आणि बिल हाती पडल्यावर त्यांना धक्का बसला, असे नंतरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येते. ही हकीकत खोटी आहे असे मी म्हणत नाही. घटनाक्रमाशी ती चांगली जुळते. पण बखर आणि समकालीन पत्र यांतला भेद मराठी इतिहासाच्या वाचकाला वेगळा सांगायला नको. ४,१६०.१५ हा आकडा बिलावरचा आहे, ४,९०० हा आठवणीतला. दोन्ही एकाच वाक्यात, एकाच सुरात लिहिले जातात, तेव्हा वाचकाने थोडे थांबावे.

गाड्या विकल्या जाईनात. सात हजार डॉलरमध्ये त्या वर्षी कॉर्व्हेट येत होती, वर पैसे उरत होते. शेवटी शेव्हर्लेने ५०पैकी ३७ गाड्या गिब यांच्याकडून परत घेतल्या आणि देशभरच्या इतर डीलरांकडे वळवल्या. १३ त्यांच्याकडे राहिल्या. याशिवाय इतर डीलरांनी स्वतः मागवलेल्या १९. पन्नास आणि एकोणीस मिळून ६९ होतात. या परतीच्या व्यवहाराने कागदांत एक गुंता करून ठेवला आहे. ३७ गाड्यांची पहिली पाठवणी एका गावी, प्रत्यक्ष विक्री दुसऱ्या. अशा गाडीच्या पाठवणीच्या कागदावर ला हार्प आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत दुसऱ्याच राज्यातला डीलर सापडला, तर कोणी बनावटगिरीचा संशय घेईल. इथे मात्र ती विसंगती अपेक्षितच आहे. सारे कागद एका सुरात बोलू लागले तरच कधी कधी कान टवकारावे.

वॉरंटीच्या पुस्तिकेचा उल्लेख आला, तर तिच्या आत चिकटवलेल्या धातूच्या पट्टीबद्दल बोलले पाहिजे. ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ असे तिचे नाव. वॉरंटीतल्या दुरुस्तीला गाडी आली की डीलरचा माणूस ही पट्टी यंत्रात घालून कागदावर तिचा ठसा घेई. तिच्यावर उठावाच्या अक्षरांत गाडीचा क्रमांक असतो, शिवाय इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांचे संकेतही. म्हणजे गाडीचा क्रमांक आणि इंजिनाचा संकेत एकाच धातूवर एकाच वेळी उमटलेले. पाटीत जी कडी तुटलेली होती ती इथे जोडली जाते. बिल गाडीचा आणि मागणीचा संबंध सांगते, ही पट्टी गाडीचा आणि इंजिनाचा.

तिसरा साक्षीदार कचऱ्यातून उठून येतो. जुळणीच्या लाइनवर प्रत्येक गाडीसाठी छापील तक्ता निघे. कोणत्या स्टेशनवर काय बसवायचे, याचे चौकोनच चौकोन. काम झाल्यावर त्याची किंमत शून्य. कामगार तो सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचून देई, कुठे तो पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर राहून जाई. पन्नास वर्षांनी सीट उसवली की उंदरांनी कुरतडलेला, तेलकट, पण वाचता येणारा तक्ता हाती लागतो. त्या कारखान्यातला निष्काळजीपणा ही इतिहासावरची मेहेरबानीच म्हणायची. फक्त एक काळजी घ्यायची: सापडलेला तक्ता त्याच गाडीचा आहे का, हे क्रमांक ताडून पाहायचे. लाइनवर मागेपुढे असलेल्या गाडीचा तक्ता भलत्याच सीटमध्ये गेल्याची उदाहरणे काही कमी नाहीत. आपल्या गाडीत सापडला म्हणून तो आपला, असे मानून पुढे सगळी गाडी त्याबरहुकूम ‘मूळ स्वरूपात’ आणली, तर काय होईल ते सांगायला नको.

कागद झाले. आता लोखंडाकडे, म्हणजे या बाबतीत ॲल्युमिनियमकडे वळू. झेडएल१चे दुर्दैव असे, की तिचे इंजिन गाडीपेक्षा जास्त हवेसे होते. ते शर्यतीत फुटले, काढून विकले गेले, त्या जागी बिडाचे इंजिन आले. म्हणून कागदांनी गाडी अस्सल ठरली तरी आतले इंजिन तिचे जन्माचे आहे का, हा प्रश्न वेगळा उरतो. त्याचे उत्तर ब्लॉकवर कोरलेले आहे. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडसमोर, एक सपाट जागा असते. तिथे न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा इंजिन कारखान्याचे ‘टी’ अक्षर, जुळणीचा महिना-दिवस आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरे पंच केलेली असतात. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग तिथेच जवळ, पण नॉरवूडला वेगळ्या वेळी वेगळ्या हाताने ठोकलेला. याखेरीज ओतकामाच्या वेळी साच्यातूनच उठलेली तारीख असते: महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी.

या तारखांचा क्रम बदलता येत नाही. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळते, मग ते गाडीत बसते. समजा फिशर बॉडीची पाटी गाडीची बॉडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली म्हणते आणि ब्लॉकवरची ओतकामाची तारीख मार्चची आहे. मग मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी ते इंजिन त्या गाडीत जन्मलेले नाही. गप्प पाटीची ही दुसरी कामगिरी.

फसवणारेही हेच जाणतात, म्हणून नंबर नव्याने पंच केले जातात. जानेवारी २०१४मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात १९६७ची एक लाल एल८८ कॉर्व्हेट ३८ लाख ५० हजार डॉलरना गेली. त्या वर्षी अशा २०च बनल्या होत्या. एवढा पैसा दिसत असताना हातोडा आणि अक्षरांचे पंच कोणाकडे नसतील? पारखी माणूस तिथे अक्षरांइतकेच अक्षरांखालचे पृष्ठ पाहतो. कारखान्यात ती सपाट जागा तासताना बारीक समांतर रेघा उठत. इंजिन पुन्हा बांधताना ती जागा घासली गेली की रेघा जातात आणि जुना क्रमांकही जातो. गुळगुळीत पृष्ठावर ठसठशीत क्रमांक असेल, तर तो कधी आणि कोणी ठोकला, हे विचारलेच पाहिजे. गाडीच्या क्रमांकाचा तुकडा बॉडीवरही दोन ठिकाणी ठोकलेला असतो, एक हीटरच्या डब्यामागे आणि एक काचेखालच्या जाळीच्या पत्र्याआड. डॅशबोर्डवरची पाटी कारखान्याने फुलाच्या आकाराच्या खास रिव्हेटांनी बसवलेली असते. १९८४च्या कायद्याने ती काढणे किंवा बदलणे हा संघराज्याचा गुन्हा ठरला. फिशर बॉडीच्या पाटीचे रिव्हेट साधे असतात, आणि तिच्या, तसेच वॉरंटीच्या पट्टीच्या नव्या प्रतिकृती बाजारात मिळतात. तेव्हा कोऱ्या करकरीत पाटीवर मी तरी जीव टाकणार नाही.

नियम टाळण्यासाठी केलेल्या मागणीने गाडीची ओळखच पुसली जाते, हे फक्त कमॅरोत घडले नाही. १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ घ्या, जिच्यापासून मसल कारचा जमाना सुरू झाला असे मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांची मर्यादा असताना तिथले अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९चे इंजिन घातले. वेगळे मॉडेल म्हटले तर वरची परवानगी लागणार, म्हणून तिला ल मान्स या गाडीवरची ‘जादा वस्तू’ ठरवले. किंमत २९५.९० डॉलर. त्या वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. १९६६मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, तोवर दोन वर्षे तिचा क्रमांक ल मान्सचाच होता. साध्या ल मान्सला बिल्ले लावून जीटीओ करणे त्यामुळे फार सोपे. फरक एवढाच, की पॉन्टिअॅकच्या १९६१ ते १९८६च्या बिलांची मायक्रोफिल्म वाचली. आजही पीएचएस या संस्थेकडे क्रमांक कळवला की त्या गाडीच्या मूळ नोंदीची प्रत मिळते आणि वाद मिटतो. शेव्हर्लेच्या गाड्यांसाठी असा एकत्रित संच उरलेला नाही. दोन्ही एकाच जनरल मोटर्सच्या शाखा, पण एकीचे दप्तर राहिले आणि दुसरीचे गेले.

फोर्डचा प्रकार आणखी सोयीचा. तिच्या क्रमांकातच इंजिनाचे अक्षर असते, आणि १९६७पासूनच्या उत्पादनाची संगणकीय नोंद मार्टी नावाच्या गृहस्थांच्या कंपनीमार्फत उपलब्ध आहे. क्रायस्लरच्या १९७०-७१च्या क्रमांकातले पाचवे अक्षर आर असेल तर ४२६ हेमी इंजिन, आणि आतल्या मडगार्डवर बसवलेली पाटी संकेतांनी भरगच्च. पण फोर्डची नोंद इतकी तपशीलवार, की तिच्यामुळे एक नवाच रोग फोफावला. अमुक रंग, अमुक सीट, अमुक ॲक्सल, वर घड्याळ नाही. एवढ्या चाळण्या लावल्या की कोणतीही गाडी ‘जगात एकमेव’ निघते. ती आकडेवारी खरी असते. पण त्यातली पुष्कळशी दुर्मीळता गिऱ्हाइकाच्या विक्षिप्तपणाची किंवा काटकसरीची आहे. कोपो ९५६०ची दुर्मीळता कंपनीच्या नियमातून, शर्यतीच्या नियमातून आणि अवाच्या सवा किमतीतून आली. तिला कारणे आहेत, आणि ती कागदावर दाखवता येतात.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे चालते त्याबद्दल एकच सांगतो. लाइनवरच्या कामगाराने खडूने केलेली खूण, घाईत उडालेला रंग, तपासनिसाने नटावर लावलेला रंगाचा ठिपका, हे सगळे पुरावे आहेत. आरशासारखी चकाकणारी गाडी पाहायला छान, पण तिच्यावर वाचायला काही उरलेले नसते. रंग एकदाच मूळचा असतो.

राहता राहिले आकडे. झेडएल१चे ६९ मी मानतो. गिबच्या ५०ची मागणी, परतीच्या ३७ आणि इतरांच्या १९ हा हिशेब आतून जुळतो, आणि संख्या लहान असल्याने एकेक गाडी नावानिशी ताडता येते. बिडाच्या इंजिनाच्या ९५६१चे तसे नाही. तिच्यासाठी १,०१५ हा आकडा सांगितला जातो, ८२२ हाताच्या गिअरच्या आणि १९३ ऑटोमॅटिक. पण तो टोनावांडाच्या इंजिनांचा आकडा म्हणून सांगितला जातो. बनलेले प्रत्येक इंजिन गाडीत बसले, एकही सुटे किंवा बदली म्हणून गेले नाही, असे गृहीत धरल्याशिवाय इंजिनांची संख्या गाड्यांची संख्या होत नाही. त्याला वरची मर्यादा म्हणावे, मोजदाद म्हणू नये.

१९७०ची शेव्हेल एलएस६ याहून अवघड. ४५४ घनइंच, ४५० अश्वशक्ती. ४००ची मर्यादा त्या वर्षी उठली होती, म्हणून हे इंजिन उजळ माथ्याने माहितीपत्रकात आले. तशी ४,४७५ विकली गेली. त्यांत कूप किती, एल कॅमिनो पिकअप किती, उघड्या टपाच्या कन्व्हर्टिबल किती, याची फोड करणारा कागद नाही. गाडीच्या क्रमांकातूनही ती काढता येत नाही. तरी लिलावाच्या पत्रकांत कन्व्हर्टिबलचे नेमके आकडे छापलेले दिसतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. असे पत्रक कोणाच्या हाती आले, तर त्याने आकड्यामागचा कागद मागावा. कागद दाखवला जात नसेल, तर एलएस६ कन्व्हर्टिबल किती बनल्या, या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवावी.